जुन्या घराचं काम काढताय? आधी वही आणि टेप घ्या

आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, गल्लीतलं. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परडं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. मी काम काढलं नोव्हेंबरात, "पाडव्यापर्यंत संपतंय बगा अक्का" या शब्दावर. संपलं ते पुढच्या दिवाळीला. निम्मा उशीर पावसानं केला, निम्मा माझ्या अडाणीपणानं. त्यानंतर दिरांच्या अनगोळच्या फ्लॅटचं आणि माहेरच्या, येळ्ळूरच्या कौलारू घराचं काम मी स्वतः उभी राहून करून घेतलं. ती दोन्ही कामं ठरल्या वेळेच्या आसपास उरकली. गवंडी जवळपास तेच होते. माझ्या हातात मात्र तोवर शंभर पानी वही आणि पाच मीटरची टेप आली होती.

पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांसाठी हे लिहितेय. नवीन घर बांधणाऱ्याला निदान कोरी जागा मिळते. जुनं घर मात्र भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते सांगत नाही.

घर जुलैत बघा

लोक दिवाळीनंतर उन्हात घर बघून कामाची यादी करतात. तेव्हा सगळ्याच भिंती कोरड्या आणि शहाण्या दिसतात. यादी करायची तर भर पावसात करा. खडू घेऊन घरभर फिरा. जिथं ओल दिसेल तिथं भिंतीवर तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा. बेळगावचा पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडनं झोडपतो, म्हणून त्या बाजूची भिंत आधी बघा. ओल वरून खाली उतरतेय की जोत्यातनं वर चढतेय, एवढं कळलं तरी अर्धं निदान झालं. वरून उतरणाऱ्या ओलीचा दोष छपरात, पन्हळीत किंवा स्लॅबमध्ये असतो. खालून चढणाऱ्या ओलीवर कितीही महागाचा रंग मारा, दोन वर्षांत पोपडे येतात.

मग तीन याद्या करा. पाण्याची: गळती, ओल, तुंबलेल्या मोऱ्या. जिवाची: जुनं वायरिंग, वाळवी लागलेले वासे, पोट काढलेली भिंत. आणि हौसेची: फरशी, फॉल्स सीलिंग, नवा ओटा. पैसे याच क्रमानं घालायचे. आमच्याकडं उलटं झालं. आधी सोप्यात चकचकीत फरशी बसली, नंतर तिच्यावर शिडी ठेवून छप्पर उतरवलं. सहा फरशा तडकल्या.

भिंत कशाची आहे ते एका कोपऱ्यात गिलावा खरवडून बघा. आपल्याकडच्या जुन्या घरांत मातीत बांधलेला दगड, जांभा, कच्च्या विटा, पक्क्या विटा असं सगळं एकाच घरात सापडतं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा ओढला की आतली ओल कोंडते आणि काही वर्षांनी गिलाव्याची अख्खी पाटी सुटून येते. तिथं चुन्याचा गिलावा बरा. तो करणारे हात कमी उरलेत, पण खेड्यांकडं विचारलं की सापडतात. आणि अशा भिंतीवर "एक छोटा स्लॅब टाकूया की" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. स्लॅबचं ओझं घ्यायला वेगळे कॉलम लागतात. कुठलीही भिंत काढायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन घरी बोलवा. ती फी सगळ्या कामात किरकोळ असते.

शहापूर, वडगाव, खासबागकडच्या विणकरांच्या घरांसाठी एक वेगळी सूचना. घरात पूर्वी हातमाग असेल तर जमिनीखाली मागाचा खड्डा असतो. आमचा खड्डा कुणीतरी कधीकाळी राडारोडा आणि केर टाकून बुजवला होता. वरची नवी फरशी वर्षभरात बशीसारखी खचली. मग सगळं उकरलं, सहा-सहा इंचांचे मुरुमाचे थर घातले, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केली आणि वर कोबा घातला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारलं असतं, "माग कुठं होता?", तर फरशीचे पैसे वाचले असते.

कागद आणि शेजारी

रंग, फरशी, गिलावा, नळ बदलणं ही घरातली कामं. पण भिंत पाडणं, मजला चढवणं, कौलं काढून स्लॅब टाकणं, घर रस्त्याकडं पुढं घेणं यासाठी परवानगी लागते. ती कुणाकडं मागायची हे घर कुठं आहे त्यावर ठरतं. शहरात महापालिका, कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड, खेड्यात ग्रामपंचायत. बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, लेआउटमधल्या प्लॉटला बुडाचे कागदही बघावे लागतात. त्याआधी उतारा कुणाच्या नावावर आहे ते तपासा. पालिकेत ई-आस्ती (मिळकतीचा ऑनलाइन उतारा) आणि पंचायतीत ई-स्वत्तूचे (त्याचाच खेड्यातला प्रकार) नमुना ९ आणि ११ मागतात. नाव अजून आजोबांचंच असेल तर आधी वारसा लावून घ्या. आमचे कित्येक नातेवाईक इथंच अडकलेत. कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर लाजू नका, कन्नड शिकलेल्या पुतण्याला शेजारी बसवा आणि नाव, क्षेत्रफळ, चतुःसीमा शब्दन् शब्द वाचून घ्या. एका अक्षराच्या फरकानं पुढं फेऱ्या पडतात.

सामाईक भिंत हा गल्लीतला खरा प्रश्न. काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी शेजाऱ्यांकडं जा, काय करणार ते सांगा, आणि त्यांच्या बाजूच्या भिंतीचे फोटो त्यांच्यासमोरच काढा, जुन्या भेगांसकट. आमच्या काकूंना मी फोटो काढते म्हटल्यावर राग आला होता. दोन महिन्यांनी त्यांच्या देवघरात भेग दिसली तेव्हा तेच फोटो दोघींनी मिळून बघितले. भेग आधीचीच निघाली. वासे शेजाऱ्याच्या भिंतीत घुसलेले असले तर ते काढताना त्यांचा माणूस हजर असू द्या.

कधी सुरू करायचं

छपराचं काम दिवाळीनंतर सुरू करून पाडव्याच्या आत मिटवा. वळीव एप्रिल-मेमध्ये कधीही गाठतो, आणि मिरगाला उघडं छप्पर म्हणजे घरात तळं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं घर असेल तर आणखी पंधरा दिवस हाताशी ठेवा. अथणी, चिक्कोडीच्या कोरड्या पट्ट्यात एवढी घाई नाही, पण तिथं उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. शहरातही राकसकोप जलाशयाची पातळी उतरली की नळाचा भरवसा राहत नाही. गिलाव्याला, कोब्याला रोज पाणी लागतं. विहीर किंवा टँकरची सोय आधी बघा.

माणसांचं कॅलेंडर वेगळं. गवंडी, बिगारी बहुतेक आसपासच्या खेड्यांतले. भाताच्या सुगीला ते शेतात असतात, लावणीला पुन्हा शेतात. पौष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा. वैशाखातली शिवजयंती आणि तिची चित्ररथांची मिरवणूक म्हटल्यावर शहरातली पोरं दोन दिवस कामाला येत नाहीत, येऊही नयेत. गणपतीचं तर बोलायलाच नको. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की महामार्गाच्या बाजूनं येणारी मालाची गाडी वेळेवर येईल असं धरू नका. हे सगळे दिवस वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मिस्त्रीसमोर बसून उरलेले दिवस मोजा. तो तीन महिने म्हणाला आणि मोजून साडेचार निघाले, तर साडेचार लिहा.

माणूस कसा निवडायचा

नवीन केलेलं काम दाखवून कुणीही भुलवतो. तुम्ही त्याचं दोन पावसाळे काढलेलं काम बघा. त्या घरच्या बाईला विचारा, साहेबांना नको. बाथरूमचं पाणी मोरीकडं जातं का, ओट्यामागं ओल येते का, पैसे पूर्ण मिळाल्यावर किरकोळ कामाला तो परत आला का? या तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर तुम्ही समजून जा. हार्डवेअर दुकानदारानं सुचवलेला माणूस वाईट असतो असं नाही, पण मग माल त्याच दुकानातनं घ्यावा लागतो हे धरून चला.

तिघांकडनं दर घ्या, पण तिघांना एकच लेखी यादी द्या. नाहीतर एकाच्या दरात राडारोडा उचलणं असतं, दुसऱ्याच्यात नसतं, आणि तुम्ही आकडेच तोलत बसता. एकाचा दर बाकी दोघांपेक्षा फारच कमी आला, तर त्यानं काय धरलं नाही ते शोधा.

भाषेचं म्हणाल तर सीमाभागात ही अडचण कमी आणि गंमत जास्त. गवंडी हा शब्द इकडं कन्नडमध्येही चालतो. विटेला इट्टंगी, वाळूला उसुकु, कौलाला हंचु, भिंतीला गोडे, मापाला अळते, हिशोबाला लेक्का, पुरे म्हणायला साकु. एवढ्या शब्दांवर माझी दोन कामं निभावली. सगळ्यात महत्त्वाचा शब्द नाळे. नाळे म्हणजे उद्या, बर्तीव्री म्हणजे येतो. "नाळे बर्तीव्री अक्का" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा खरा अर्थ मला कळतो: दुसरीकडं स्लॅब आहे, झाला की येतो. रागावून उपयोग नसतो. "कुठला वार? किती माणसं?" असं विचारायचं आणि उत्तर त्याच्यासमोर वहीत लिहायचं. लिहिताना बघितलं की माणूस बहुतेक वेळा येतो.

दर: उक्तं, मापावर की हजेरीवर

तीन पद्धती आहेत. उक्तं म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम. मापावर म्हणजे चौरस फुटाला, रनिंग फुटाला किंवा नगाला दर. हजेरी म्हणजे रोजचा पगार. माझं मत असं: पाडकाम आणि छपराची डागडुजी हजेरीवर द्या, कारण आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. गिलावा, फरशी, रंग मापावर. उक्तं जुन्या घराला शक्यतो नकोच. त्यात एक तर ठेकेदार बुडतो आणि काम अर्ध्यावर टाकतो, नाहीतर तो सगळं आधीच फुगवून धरतो.

मापावर द्यायचं तर माप कसं घ्यायचं ते आधी ठरवा. भांडणं दरावरनं कमी आणि मापावरनं जास्त होतात. समजा खोली १० बाय १२, उंची १० फूट. भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातनं ३ बाय ७ चं दार (२१) आणि ४ बाय ४ ची खिडकी (१६) वजा केली की ४०३ उरतात. गवंडी म्हणतो, "खिडकीच्या कडा कोण करणार? सोडायचं नाही." त्याचंही बरोबर असतं, कडांना वेळ लागतो. मग एक तर दार-खिडकी वजा करून कडांचा रनिंग फुटाचा वेगळा दर द्या, नाहीतर वजाबाकी सोडा आणि कडा फुकट. दोन्ही चालतं. पण ते पहिल्या दिवशी लिहिलेलं हवं. शेवटचं माप दोघांनी टेपची दोन टोकं धरून घ्यायचं आणि दोघांनी सही करायची.

वहीत काय लिहायचं

करार स्टँप पेपरवर करा किंवा साध्या कागदावर, सह्या आणि दोन साक्षीदार हवेत. आमच्या वहीत एका पानावर मराठी आणि समोरच्या पानावर मिस्त्रीच्या मुलानं कन्नडमध्ये लिहिलेलं तेच असायचं. आकडे दोन्हीकडं जुळले की सही.

कामाची यादी आणि दर सगळेच लिहितात. लोक विसरतात ती बारीक कामं मी सांगते. परांची कुणाची? राडारोडा कोण उचलणार, कुठं टाकणार? गल्लीत ट्रॅक्टर आत येत नाही, टेंपो तोंडालाच थांबतो, तर तिथनं घरापर्यंत विटा आणि वाळू वाहायची मजुरी कुणाची? माझ्या पहिल्या कामात हा एकच मुद्दा सुटला आणि त्यावरनं महिनाभर धुसफूस चालली. कामाला वीज घरच्या मीटरवरनं की वेगळी? बाया कामाला असतील तर त्यांना संडास कुठला? बिगारी परांचीवरनं पडला तर दवाखान्याचं कोण बघणार? हे शेवटचं विचारताना दोघंही अवघडतात, तरी विचाराच. आणि भिंतीवर पाणी कोण मारणार? गवंडी पाचला हात धुतो. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला माणूस ठरलेला नसेल तर तो माणूस तुम्हीच.

माल

माल स्वतः आणायचा असेल तर चार गोष्टी तपासा. वाळू ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आल्यावर रिकामी करायच्या आत टेप लावा. ९ फूट लांब, ५ फूट रुंद आणि दीड फूट भरलेली म्हणजे ६७.५ घनफूट, पाऊण ब्राससुद्धा नाही. ओलसर वाळू फुगते, तेही ध्यानात ठेवा. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, त्यामुळं एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्यावी लागते. गिलाव्यासाठी त्यातलीच बारीक पी-सँड मागा. नदीची म्हणून काही आली तर काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर परत पाठवा.

सिमेंटच्या पिशवीवर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी पिशवी नको. सळी नगावर घेऊ नका, वजनावर घ्या आणि गणित करा: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिमीची १२ मीटर सळी १०.६७ किलोच्या आसपास भरायला हवी. वीट दुसऱ्या विटेवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे.

पक्कं बिल घ्याच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यांवर आलाय. कुणी त्याआधीचं जुनं अंदाजपत्रक पुढं सरकवत असेल तर दर नव्यानं विचारा.

फरशीचा हिशोब दुकानदारावर सोडू नका. त्याच १० बाय १२ च्या खोलीला २ बाय २ च्या ३० फरशा लागतात. कापाकापीला तीन. कडेच्या चार इंची पट्टीला आणखी पाच, कारण एका फरशीतनं पाच पट्ट्या निघतात आणि दार सोडून ४१ फूट पट्टी लागते. झाल्या ३८. पेटीत चार असतील तर दहा पेट्या. उरलेल्या दोन माळ्यावर ठेवा, पाच वर्षांनी तो रंग बाजारात सापडत नाही.

कामाचा क्रम आणि कुठं उभं राहायचं

पाडकाम, छप्पर, चौकटी आणि नव्या भिंती, मग नळ आणि वायरिंगच्या खाचा, गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, रंग. हा क्रम मोडायला प्रत्येक कारागीर काहीतरी कारण सांगतो. ऐकू नका.

कौलारू घर असेल तर कौलं फेकायची घाई करू नका. जुनी मंगळुरी कौलं धुऊन, वाजवून निवडली तर निम्म्याहून जास्त परत वापरता येतात. येळ्ळूरच्या घरी आम्ही तेच केलं. शंभर चौरस फुटाला दीडशेच्या हिशोबानं कौलं धरा, फुटतूट त्यातच. खरी गळती कौलांत नसते. ती दोन उतार मिळतात त्या पन्हळीत, भिंतीला छप्पर टेकतं त्या सांध्यात आणि सडलेल्या रिपांमध्ये असते. तेवढं बदलून नीट शाकारणी केली तर घर पुढची कित्येक वर्षं थंड राहतं. पत्रा स्वस्त पडतो, पण एप्रिलच्या दुपारी त्याच्याखाली झोपून बघा आणि मग ठरवा.

गिलाव्याच्या दिवशी घरी थांबा. सिमेंटची एक पिशवी ५० किलोची, आकारमान ३५ लिटर. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची लाकडी पेटी सुताराकडनं करून घ्या, ती बरोबर एका पिशवीएवढी भरते. आतल्या गिलाव्याला एकास चार ठरलं असेल तर पिशवीला चार पेट्या वाळू. घमेल्यानं मोजलं की दुपारनंतर घमेली मोठी होत जातात. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी हवं. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं, पिशवीवर तसं लिहिलेलं असतं) असेल, आणि आता बहुतेक तेच मिळतं, तर दहा दिवस. कोपऱ्याला गुण्या आणि भिंतीला ओळंबा लावून बघायला गवंड्यालाच सांगा. चांगला गवंडी त्यानं दुखावत नाही.

गिलाव्याच्या आधी, खाचा उघड्या असताना, प्रत्येक भिंतीजवळ टेप धरून नळाचे आणि वायरींचे फोटो काढा. पुढं खिळा ठोकताना हेच फोटो बघाल. नळात दाबानं पाणी भरून ठेवा आणि रात्रभर कुठं पाझरतंय का बघा. त्याच्या आधी खाच बुजवू द्यायची नाही. वायर दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गिझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटर. अर्थिंग नवं करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच, बसवा. परांचीच्या हाताशी हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) उघडी तार येत असेल तर काम थांबवून आधी त्यांना कळवा.

बाथरूमला वॉटरप्रूफिंग झालं की मोरीला बोळा घालून चार इंच पाणी भरा आणि दोन दिवस तसंच ठेवा. खालच्या छताला हात लावून बघा. दिरांच्या फ्लॅटमध्ये मी हे केलं तेव्हा फरशीवाला चिडून निघून गेला, दोन दिवस हजेरी बुडते म्हणून. दुसऱ्या दिवशी खालच्या घरात ओल दिसली. ती फरशीच्या आधी दिसली, म्हणून निभावलं.

ओट्याची उंची मिस्त्री ठरवतो, ज्यानं जन्मात भाकरी थापलेली नसते. घरात जी जास्त वेळ उभी राहते तिला उभं करा, कोपरापासून खाली चार-सहा इंच मोजा आणि भिंतीवर रेघ मारा. ओट्याला कडप्पा घ्या नाहीतर इलकलचं ग्रॅनाइट, रेघ आधी.

रंग सगळ्यात शेवटी. नवा गिलावा तीन-चार आठवडे वाळल्याशिवाय रंगारी घरात घेऊ नका.

पैसे

कामाच्या पुढं पैसे जाऊ द्यायचे नाहीत. सुरुवातीला दहा टक्के, मग टप्पा झाला की त्या टप्प्याचे. टप्पा म्हणजे तारीख नव्हे, डोळ्याला दिसणारं काम: छप्पर चढलं, गिलावा वाळला, फरशी बसली. पैसे यूपीआयनं किंवा चेकनं द्या आणि कशाचे ते लिहा. रोख दिलेच तर वहीत सही. बाजाराच्या दिवशी आणि सणाला उचल मागतात. थोडी द्या, माणुसकी म्हणून, आणि पुढच्या हप्त्यातनं वळती होणार असं लिहून घ्या.

जादा काम हाच खरा खड्डा. "अक्का, ही भिंत पण करून टाकतो" याला मान हलवली की शेवटी आकडा येतो. नियम एकच: दर वहीत लिहिल्याशिवाय जादा कामाला थापी लावायची नाही. आणि एकूण खर्चाच्या पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा, जुनं घर ते मागतंच.

ठेकेदारानं मध्येच काम टाकलं तर भांडणाआधी झालेल्या कामाचं माप घ्या, फोटो काढा आणि लेखी मुदत द्या. त्यावरही हलला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथं वही, बिलं आणि यूपीआयच्या नोंदी बोलतात. मी स्वतः तिथवर गेले नाही. पहिल्या ठेकेदारानं माझ्या घराची मोरी अर्धवट सोडली तेव्हा माझ्याकडं दाखवायला एकही कागद नव्हता, म्हणून जाताही आलं नाही.

शेवटचे पाच टक्के पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा. येळ्ळूरला मिरगाच्या दुसऱ्या रात्री मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढले. धुराड्याच्या सांध्याशी एक थेंब लोंबत होता. सकाळी फोन केला. मिस्त्री म्हणाले, "नाळे बर्तीव्री." मी विचारलं, "कुठला वार?" गुरुवारी आले, दोन कौलं फिरवली, सांध्याला पत्रा मारला. पुढचे पंधरा दिवस पाऊस पडू दिला, माळा कोरडा राहिला, आणि पाच टक्के देऊन वहीत त्यांची शेवटची सही घेतली.